घरच्या कॉम्प्युटरचं वाय-फाय गेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, वॉट्सअ‍ॅपवर आणि सोसायटीच्या जिन्यात गाठून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डोळ्यांसमोर ठेवलेलं घर असं: फायबरचं कनेक्शन, कंपनीने किंवा केबलवाल्याने बसवून दिलेला राउटर आणि विंडोज ११ किंवा १० चालणारा लॅपटॉप नाहीतर डेस्कटॉप. मेनूंची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कमांड आणि आकडे मात्र कॉम्प्युटरवर इंग्रजीतच टाकायचे.

१. नेट गेलंय. सगळ्यात आधी काय करू?

काही करू नका, आधी बघा. इंटरनेट तुमच्यापर्यंत तीन टप्प्यांत येतं. कंपनीपासून राउटरपर्यंत फायबर, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वाय-फाय आणि कॉम्प्युटरच्या आत विंडोज व ब्राउझर. बिघाड तिन्हींपैकी कुठेही झाला तरी पडद्यावर एकच दिसतं: पान उघडत नाही. म्हणून फायबर तुटलेली असताना लोक विंडोजची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतात आणि लॅपटॉपचा एअरप्लेन मोड चुकून चालू झालेला असताना केबलवाल्याला बोलावतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

बघण्याचं काम दोन मिनिटांचं आहे. राउटरवर लाल दिवा आहे का (प्रश्न ३)? घरातल्या दुसऱ्या उपकरणावर याच वाय-फायवरून नेट येतंय का (प्रश्न २)? कॉम्प्युटरवर वाय-फायचं चिन्हच नाही (प्रश्न ५), चिन्ह आहे पण आपलं नेटवर्क यादीत नाही (प्रश्न ७), की जोडलं गेलंय पण नेट नाही (प्रश्न ९)? एवढं कळलं की निम्मं काम झालं. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावा. पाच गोष्टी एकदम बदलणाऱ्याचं नेट सुरू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर पाच नवी दुखणी उभी राहतात.

२. फोनवर सगळं चालतंय, फक्त कॉम्प्युटरवर नाही. म्हणजे कॉम्प्युटरच बिघडला ना?

फोनवर फार विश्वास ठेवू नका. वाय-फायवर नेट येत नाहीसं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात. वर वाय-फायचं चिन्ह असतं, व्हिडिओ चालू असतो आणि पैसे सिमचे जात असतात. खरी परीक्षा अशी: फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वाय-फाय चालू करा आणि आज न उघडलेली एखादी वेबसाइट उघडा. आधी पाहिलेलं पान साठवणीतूनही उघडतं, ते पुरावा म्हणून चालत नाही.

या परीक्षेत फोन पास झाला तर राउटर आणि फायबर ठीक आहेत, प्रश्न ५ ते १० पाहा. फोनही नापास झाला तर कॉम्प्युटरला हात लावू नका, प्रश्न ३ कडे चला.

३. राउटरवर इतके दिवे आहेत. कोणत्याकडे बघायचं?

फायबरच्या राउटरवर दोन दिवे महत्त्वाचे: 'पॉन' आणि 'लॉस'. 'पॉन' हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीच्या यंत्रणेशी तुमचा राउटर बोलतोय. 'पॉन' लुकलुकत राहिला तर फायबरमधून प्रकाश येतोय, पण कंपनीकडे नोंदणी पूर्ण होत नाही. 'लॉस' लाल लागला म्हणजे प्रकाशच येत नाही. फायबर कुठेतरी तुटली आहे, फार वाकली आहे किंवा राउटरमागून सुटली आहे.

लाल दिव्यावर घरी करण्यासारखं थोडंच आहे. राउटरमागे फायबरचा जोड हलक्या हाताने आत ढकलून बघा. बारीक वायर कपाटामागे चेपली किंवा मुडपली नाही ना ते बघा. फायबरमध्ये काच असते, घट्ट वळणातून प्रकाश बाहेर गळतो. दिवाळीच्या साफसफाईनंतर असे फोन हमखास येतात. जोड बाहेर काढून फडक्याने पुसू नका आणि त्याच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नसला तरी लेसरचा असतो. हिरव्या आणि निळ्या रंगाचे जोड वेगवेगळ्या कोनात घासलेले असतात. एकाच्या जागी दुसरा बसतो, पण प्रकाश नीट जात नाही.

'पॉन' ठीक आणि 'इंटरनेट' दिवा लाल किंवा बंद असेल, तर फायबर शाबूत आहे आणि अडचण लॉगिनची किंवा संपलेल्या प्लॅनची आहे. आधी बिलाची तारीख तपासा. कंटाळवाणं आहे, पण अनेकदा तेच निघतं.

४. राउटर बंद-चालू करायचा म्हणजे किती वेळ? आणि मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची का?

बटण बंद करा, तीसेक सेकंद थांबा, चालू करा आणि पुढची तीन-चार मिनिटं त्याच्याकडे बघतही बसू नका. त्याला पूर्ण जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. दिवे स्थिर होण्याआधीच पुन्हा बंद करणं हा सगळ्यात लोकप्रिय अडथळा आहे.

टाचणीचं भोक मात्र वेगळी गोष्ट आहे. ते दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जातोच, शिवाय कंपनीने भरलेली लॉगिनची माहितीही पुसली जाऊ शकते. मोठ्या कंपन्यांचे काही राउटर ती माहिती स्वतः पुन्हा मागवून घेतात. गल्लीतल्या केबलवाल्याने लावलेल्या राउटरमध्ये बहुतेकदा त्याचं युजरनेम आणि पासवर्ड हाताने भरलेला असतो. तो तुमच्याकडे लिहून नसेल तर अर्ध्या तासाचं दुखणं दोन दिवसांचं होतं, आणि रविवार असेल तर तीन. टाचणी शिवणाच्या डब्यातच राहू द्या.

५. खाली उजव्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्हच नाही, पृथ्वीचा गोळा दिसतो. काय झालं?

विंडोजला वाय-फायचं कार्ड सापडत नाहीये किंवा ते बंद आहे. विंडोजचं बटण आणि 'ए' दाबा. एअरप्लेन मोड चालू असेल तर बंद करा. लॅपटॉपच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली कळ असते, पुसताना ती दाबली जाते. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फायची सरकती खटकी असते, तीही बघा.

तरी नसेल तर स्टार्टवर उजवी क्लिक, मग 'डिव्हाइस मॅनेजर', मग 'नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स'. कार्डाच्या नावाजवळ खाली जाणारा बाण असेल तर ते बंद केलेलं आहे, उजवी क्लिक करून 'एनेबल' करा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोळ आहे (प्रश्न १५ आणि १६). यादीत नावच नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि जोडलेली सगळी उपकरणं काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेलं कार्ड बऱ्याचदा परत दिसू लागतं. ऐकायला अंगारा-धुपाऱ्यासारखं वाटतं, पण करून बघा.

डेस्कटॉपमध्ये यूएसबी डाँगल असेल तर तो दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. काही स्वस्त डाँगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. त्या 'सीडी'तच ड्रायव्हर असतो, तो एकदा इन्स्टॉल करावा लागतो.

६. कॉम्प्युटर शट डाउन करून परत चालू केला, तरी तेच. रीस्टार्ट वेगळं असतं का?

हो. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक ठिकाणी चालू असते. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर साठवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तसेच उचलले जातात. ड्रायव्हर अडकलेला असेल तर तो अडकलेलाच परत येतो. 'रीस्टार्ट' केलं की सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडलं तरी पूर्ण बंद होतं.

७. शेजाऱ्यांची दहा नेटवर्कं दिसतात, आमचंच दिसत नाही. फोनला मात्र दिसतं.

या प्रश्नाला बरीच उत्तरं आहेत, आणि बहुतेक वेळा हा नव्या राउटरचा जुन्या कॉम्प्युटरशी न जमलेला संसार असतो.

पहिली शक्यता पट्ट्याची. वाय-फाय घरी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. जुन्या लॅपटॉपना आणि स्वस्त डाँगलना फक्त २.४ कळतो. राउटरवर २.४ बंद असेल तर त्यांच्या लेखी तुमचं नेटवर्क अस्तित्वातच नाही. राउटरच्या पानावर जाऊन २.४ चालू करा. त्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर असतो, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१.

दुसरी चॅनेलची. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे १ ते ११. मुलाने किंवा भाच्याने तिकडून आणलेल्या लॅपटॉपला १२ आणि १३ वर बसलेला राउटर दिसेलच असं नाही. राउटरवर १, ६ किंवा ११ निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून बिल्डिंगमध्येही तेच बरे.

तिसरी ड्रायव्हरची. राउटर वाय-फाय ६ चा आणि लॅपटॉपमध्ये इंटेलचं जुनं कार्ड असेल, तर जुन्या ड्रायव्हरला ते नेटवर्क यादीत दिसतच नाही. ड्रायव्हर नवा केला की दिसतं. तोवर राउटरवर '८०२.११एएक्स' (वाय-फाय ६ चंच तांत्रिक नाव) बंद करून चालतं.

चौथी सुरक्षेची. राउटर फक्त 'डब्ल्यूपीए३' वर ठेवला असेल तर जुनी उपकरणं जोडली जात नाहीत. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय घ्या.

५ गिगाहर्ट्झचं नाव राउटर सुरू केल्यावर लगेच न दिसता मिनिटभराने येत असेल तर काळजी नको. काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली असतात, तिथे राउटरला बोलण्याआधी कान देऊन ऐकावं लागतं. चालता चालता रडारची चाहूल लागली तर तो चॅनेल सोडतोही, तेव्हा कनेक्शन क्षणभर तुटतं. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना हे वारंवार झालं तर ३६ ते ४८ पैकी एखादं चॅनेल पक्कं करावं.

८. पासवर्ड अगदी बरोबर टाकतोय, तरी घेत नाही.

पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्यावर क्लिक करून काय उमटतंय ते बघा. मराठी टाइप करणाऱ्यांचा कीबोर्ड बऱ्याचदा मराठीवरच राहिलेला असतो आणि ठिपक्यांमुळे ते कळत नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. कॅप्स लॉक बघा. लहान-मोठी लिपी, शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांत गल्लत होते, विशेषतः चिठ्ठीवरून वाचताना.

राउटरचा पासवर्ड अलीकडे बदलला असेल तर कॉम्प्युटर जुनाच पाठवत राहतो. नेटवर्कच्या नावावर उजवी क्लिक करून 'फरगेट' म्हणा आणि नव्याने जोडा.

९. 'कनेक्टेड' म्हणतंय आणि खाली 'नो इंटरनेट'. हे कसलं कनेक्टेड?

राउटरपर्यंत पोचलात, पुढे नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज जोडणी झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटीशी फाइल मागवून बघतं. ती आली नाही की हा संदेश येतो. क्वचित नेट चालू असतानाही येतो, म्हणून आधी दोन वेबसाइट उघडून बघा.

खरंच नसेल तर प्रश्न २ ची परीक्षा करा. फोनही नापास असेल तर प्रश्न ३. फक्त कॉम्प्युटरलाच त्रास असेल तर 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वाय-फाय' आणि नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि विंडोजने वैतागून स्वतःच एक लावून घेतलाय. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही रीस्टार्ट करा. त्याच पानावर 'आयपी असाइनमेंट' हे 'ऑटोमॅटिक' आहे ना ते बघा. कधीकाळी प्रिंटरसाठी किंवा ऑफिससाठी कुणीतरी हाताने पत्ता भरलेला असतो.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'पिंग' (ping) लिहा, एक जागा सोडून ८.८.८.८ टाका. उत्तर आलं तर नेट आहे आणि फक्त नावांवरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. त्याच प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने भरा: गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. उत्तर आलं नाही तर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या, बहुधा ऑफिसच्या सर्व्हरमार्फत नेणारं सॉफ्टवेअर), अँटिव्हायरसची फायरवॉल किंवा घरातला दुसरा राउटर (प्रश्न २०) यांच्याकडे बघा.

१०. काही साइट उघडतात, काहींवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. बँकेचं पान तर उघडतच नाही.

घड्याळ बघा, कॉम्प्युटरचं. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं आणि तो पान अडवतो. नेट व्यवस्थित असतं. 'डेट अँड टाइम' मध्ये 'सिंक नाऊ' दाबा. डेस्कटॉप दर वेळी बंद केल्यावर तारीख परत मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपलाय. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

तारीख बरोबर असून एकही साइट उघडत नसेल, पण वॉट्सअ‍ॅप चालत असेल, तर 'नेटवर्क अँड इंटरनेट' मधल्या 'प्रॉक्सी'त (ब्राउझरला मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत पाठवणारी सेटिंग) 'मॅन्युअल' चालू आहे का बघा. घरच्या कॉम्प्युटरवर तो बंद असायला हवा. तुम्ही न करता चालू झाला असेल तर फुकटात उतरवलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरने केला असण्याची शक्यता आहे, विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण स्कॅन करा.

११. नेट मधूनमधून जातं आणि आपोआप येतं. पकडायचं कसं?

आधी वेळ नोंदवा. ठरावीक वेळी जातं, लॅपटॉप झोपेतून उठल्यावर जातं, की स्वयंपाकघरात काही चालू असताना? मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि २.४ च्या वाय-फायला त्रास देतो. ५ वर गेलात की तो प्रश्न मिटतो.

कमी लोकांना ठाऊक असलेलं कारण म्हणजे यूएसबी ३. बाहेरची हार्ड डिस्क, तिची वायर किंवा यूएसबी ३ चा हब २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतो. शेजारच्या पोर्टमध्ये वाय-फायचा डाँगल असेल तर फाइल कॉपी करताना नेट मरतं. डाँगल यूएसबीच्या लांब वायरवर लावून हात-दीड हात दूर ठेवा. कॅबिनेटच्या मागे, पत्र्याला चिकटून बसलेला डाँगल नाहीतरी गुदमरलेलाच असतो. मदरबोर्डमध्येच वाय-फाय असेल तर मागच्या दोन पितळी आट्यांवर अँटेना लावलेल्या आहेत ना ते बघा, खोक्याबरोबर त्या रद्दीत जातात.

झोपेतून उठल्यावर जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतोच.

सगळ्यांचंच नेट एकदम जात असेल आणि राउटरचे दिवे पुन्हा पहिल्यापासून लागत असतील, तर राउटर स्वतः रीस्टार्ट होतोय. बहुतेक वेळा त्याचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर थकलेला असतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' (netsh wlan show wlanreport) ही कमांड द्या. गेल्या तीन दिवसांत वाय-फाय कधी आणि का तुटलं याचा अहवाल तयार होतो.

१२. हॉलमध्ये छान, आतल्या खोलीत शून्य.

हा बिघाड नाही, भिंतींचा गुण आहे. वाड्यातल्या दगडी भिंती, कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंती आणि सगळीकडचे आरसीसी स्लॅब, यांतून ५ गिगाहर्ट्झ फार लवकर दमतो, २.४ जरा जास्त टिकतो. लोखंडी कपाट, आरशाची वॉर्डरोब आणि पाण्याची टाकी तर त्याला आडवीच येतात. राउटर टीव्हीच्या मागे किंवा बंद कप्प्यात ठेवू नका, घराच्या मध्याजवळ आणि उंचावर ठेवा. कॉम्प्युटर जागचा हलत नसेल तर लॅनची वायर ओढून घ्या आणि विषय संपवा. डेस्कटॉपला वाय-फायचा हट्ट का, हे मला कधी कळलेलं नाही.

१३. लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर आहे, तरी नेट नाही. शेजारच्यांचं मात्र चालू!

तुमच्या राउटरला वीज आहे, वाटेतल्या डब्याला नाही. काही कंपन्यांच्या फायबरमध्ये वाटेवर फक्त प्रकाश विभागणारे जोड असतात, त्यांना वीज लागतच नाही. वीज लागते ती त्यांच्या केंद्रात, आणि तिथे बॅटरी असते. काही केबलवाले मात्र बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच लावतात आणि तिथून लॅनची वायर घरात आणतात. तो स्विच सोसायटीच्या मीटरवर असतो. लाइट गेली की तो गेला. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, तेव्हा घरून काम करणारे नेमके यात सापडतात. स्विचला छोटा यूपीएस लावून द्यायला केबलवाल्याला सांगा, खर्च फार नसतो.

१४. पावसाळ्यात दर वर्षी त्रास होतो. वीज चमकताना वायर काढून ठेवायची का?

राउटरचा प्लग काढा, आणि घरात गच्चीवरून लॅनची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तांब्यातून धक्का आत येतो आणि राउटरचं किंवा मदरबोर्डचं लॅन पोर्ट जळतं. वाय-फाय चालू, लॅन मेलेलं अशी अवस्था त्यातूनच येते. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही. तिचे शत्रू वेगळे: रस्ताखोदाई, पडलेल्या फांद्या, उंदीर, खारी आणि कोकणात माकडं.

१५. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवं, आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा!

अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला लावा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज त्याला लॅन समजतं, वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. बहुतेक फोन घरच्या वाय-फायवर असतानाही हे करतात, म्हणजे सिमचा डेटाही खर्च होत नाही. केबल नुसती चार्जिंगची असेल तर पर्याय दिसणार नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. शोधात वर येणारी 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सॉफ्टवेअरं टाळा.

१६. विंडोज अपडेट झालं आणि वाय-फाय गेलं. 'नेटवर्क रीसेट' करू का?

शेवटचा उपाय म्हणून करा. त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येतं का बघा. ते नसेल तर कार्ड 'अनइन्स्टॉल' करून रीस्टार्ट करा, विंडोज ते परत शोधतं. नेटवर्क रीसेटने सगळी कार्डं काढून नव्याने बसवली जातात, साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा लावावं लागतं. राउटरला त्याने काही होत नाही, ते प्रश्न ४ मधलं रीसेट वेगळं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाय-फाय त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्या कार्डांचे ड्रायव्हर हळूहळू मिळेनासे होतात.

१७. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या वाय-फायवर चालत नाही, माझा चालतो.

व्हीपीएन बंद करून बघा. बंद केल्यावर चालत असेल तर बिघाड तिकडचा आहे. प्रॉक्सी, फायरवॉल आणि डीएनएस ऑफिसने मुद्दाम लावलेले असतात. त्यांना हात न लावता आयटीवाल्यांना फोन करा, नाहीतर सोमवारी उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.

१८. आमच्याकडे मॅक आहे.

प्रश्न १ ते ४, ७ ते ९ आणि ११ ते १४ यांतला विचार तसाच लागू पडतो, मेनू तेवढे वेगळे. ऑप्शन कळ दाबून वरच्या वाय-फाय चिन्हावर क्लिक करा. चॅनेल आणि सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत कामाचा, उणे ८० म्हणजे आशा सोडा.

१९. कंपनी म्हणते 'आमच्याकडून सगळं ठीक आहे'. आता?

लॅनच्या वायरने कॉम्प्युटर थेट राउटरला जोडून तपासा. वायरनेही नेट नसेल तर 'तुमच्या लॅपटॉपचा दोष' हा मुद्दा बाद होतो, हे त्यांना सांगा. माणूस घरी आला तर मीटरवरचा प्रकाशाचा आकडा विचारा. सर्वसाधारण घरगुती फायबरमध्ये उणे २७ डीबीएम (प्रकाशाचा जोर मोजायचं माप) ही काठावरची पातळी, त्यापलीकडे गेलं की नेट येतं-जातं.

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार मिटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे हाच नंबर लागतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

२०. जुना राउटर आतल्या खोलीत लावला, तेव्हापासून कधी चालतं कधी नाही. नवा स्वतःचा राउटर लावला तर तोही चालेना.

ही दोन दुखणी आहेत. पहिल्यात दोन्ही राउटर उपकरणांना पत्ते वाटत बसतात. कॉम्प्युटरला कधी एकाकडून पत्ता मिळतो, कधी दुसऱ्याकडून, आणि दुसऱ्याकडून मिळाला की तो नेट नसलेल्या वाटेने जातो. शिवाय दोघांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळात भर. जुन्याच्या पानावर जाऊन 'डीएचसीपी' (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि मुख्य राउटरची वायर त्याच्या 'वॅन' मध्ये न लावता 'लॅन' मध्ये लावा.

दुसऱ्यात नव्या राउटरला कंपनीची ओळख नसते. 'पीपीपीओई'चं (कंपनीकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड लागतो, काही कंपन्यांत 'व्हीलॅन'चा, म्हणजे त्यांच्या आतल्या वाटेचा क्रमांकही. काही केबलवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक, मॅक कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही) आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्याला आत घेत नाहीत. त्यांना फोन करून नवा नोंदवून घ्या, किंवा नव्या राउटरच्या 'मॅक क्लोन'मध्ये जुन्याचा पत्ता भरा. फायबर थेट राउटरात जात असेल, तर कंपनीने दिलेला डबा काढून तिथे बाजारातला सहसा लावता येत नाही, त्याचा अनुक्रमांक त्यांच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. तो डबा तसाच ठेवा आणि आपला राउटर त्याच्या लॅन पोर्टमधून पुढे जोडा.